ओढ्याकाठी कलाकृती मांडायच्या आहेत? आधी उतरवायची तारीख ठरवा

दिवाळी संपली की फोन सुरू होतात. "आमच्या भागातला ओढा साफ झालाय, काठावर झाडं लावलीत, आता तिथे काहीतरी कलात्मक मांडायचंय. सुरुवात कुठून करू?" मी विचारते, "उतरवणार कधी?" पलीकडे शांतता.

चूक इथेच होते. आधी चित्र सुचतं, मग साहित्य येतं, मग परवानगीची आठवण होते, आणि ओढ्याचा विचार सगळ्यात शेवटी, तोही वळवाची पहिली सर कोसळल्यावर. म्हणून इथला क्रम उलटा आहे. दोनशे ते पाचशे मीटरचा काठ, पंधरा-वीस कार्यकर्ते आणि तीन-चार आठवड्यांसाठी मांडायच्या कलाकृती एवढा आवाका धरला आहे. उदाहरणं पुण्यातली आहेत, कारण माझे बूट तिथल्याच चिखलात रुतलेत. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांना हे जसंच्या तसं लावू नका. तिथे दिवसातून दोनदा भरती येते आणि कांदळवनात कलेसाठी पाऊलही टाकायचं नसतं.

## १. ओढा खरंच बरा झालाय का, ते पाहा

गाळ काढला, कचरा उचलला, कडेचा उतार दगड रचून पक्का केला म्हणजे ओढा बरा झाला असं नाही. मैलापाणी अजून येत असेल तर तुमची सुंदर कलाकृती त्यावरचा पडदा ठरते. ज्यांना ते पाणी बंद करायचं होतं, त्यांची निकडही मग संपते.

शोधायला प्रयोगशाळा लागत नाही. पावसानंतर किमान पंधरा दिवस कोरडे गेले की सलग तीन दिवस एकाच जागी जा: सकाळी सहाला, साडेआठला आणि दुपारी तीनला. पाण्यातल्या एखाद्या दगडावर पाण्याची पातळी खिळ्याने ओरखडून ठेवा. पाऊस नसताना साडेआठला पाणी बोट-दोन बोटं चढत असेल तर ते झऱ्याचं पाणी नव्हे. वरच्या सोसायट्यांतल्या आंघोळी आणि वॉशिंग मशीन तुमच्या ओढ्यात उतरतायत. फेस दिसला तर शंकाच नको.

मग एक दगड उलटा करा. खाली चतुराच्या अळ्या, छोटे खेकडे, गोगलगायी दिसल्या तर बरं चाललंय. नुसत्या लाल, दोऱ्यासारख्या वळवळणाऱ्या अळ्या दिसल्या तर त्या पाण्यात प्राणवायू फार कमी आहे.

आणि वर चालत जा, निदान दोन किलोमीटर. रामनदी भुकूमजवळच्या खाटपेवाडीपासून निघून भूगाव, बावधन, पाषाण अशी शहरात शिरते. बाणेरजवळच्या काठावर उभं राहून बावधनला काय मिसळतंय ते कळत नाही.

चाचणी नापास झाली तर कार्यक्रम रद्द करायची गरज नाही, विषय बदलायचा. चीनमधल्या चेंगदू शहरात १९९८ मध्ये बेट्सी डेमन या कलाकर्तीने नदीकाठी एक बाग उभी केली. तिथे नदीचं घाण पाणी निवळटाक्यांतून, दगडी कुंड्यांच्या माळेतून आणि पाणवनस्पतींच्या वाफ्यांतून पायरीपायरीने स्वच्छ होताना दिसतं. आपला आवाका तेवढा नाही. पण पाणी कुठे बिघडतं ते दाखवणाऱ्या बाटल्यांची रांग काठावर लावायला कोण अडवतंय? उगमाजवळची बाटली, पहिल्या पुलाखालची, दुसऱ्या नाल्याच्या तोंडाची. तीस बाटल्या आणि एक दोरी. मी पाहिलेल्या मांडण्यांमध्ये लोक सगळ्यात जास्त वेळ असल्याच रांगेपुढे थांबतात.

तपासणी: तीन दिवसांच्या नोंदी, दगडाखालच्या जिवांचे फोटो आणि वरच्या अंगाला सापडलेल्या सांडपाण्याच्या तोंडांचा हाती काढलेला नकाशा वहीत आला का? नसेल तर पुढे जाऊ नका.

## २. कॅलेंडर शेवटाकडून भरा

सगळ्यात आधी वहीत लिहायची ती 'काठ पूर्ण मोकळा' झाल्याची तारीख. आमच्याकडे ती होळीच्या आधीची असते. एक तर मार्चअखेरपासून वळवाचा भरवसा नाही. दुसरं कारण अगदी साधं: होळीच्या आदल्या दिवशी काठावर सुकलेला बांबू उभा असेल तर तो होळीतच जाणार, आणि त्यात पोरांचा काही दोष नाही.

उद्घाटनासाठी लोक हमखास तीन चुकीच्या तारखा धरतात.

२ ऑक्टोबर: स्वच्छता मोहिमांमुळे मोह होतो, पण परतीचा पाऊस अजून गेलेला नसतो. आंबिल ओढ्याला २०१९ मध्ये जो पूर आला, माणसं गेली, भिंती गेल्या, तो २५ सप्टेंबरच्या रात्री. घटस्थापनेला चारच दिवस होते.

कार्तिकी पौर्णिमा: पाऊस गेलेला असतो, पण काठ ओला आणि भुसभुशीत असतो. दिव्यांची गर्दी तो तुडवून टाकते. शिवाय तयारीला वेळच मिळत नाही.

२२ मार्च, जागतिक जल दिन: भाषणाला छान, पण ओढ्यात पाणी कमी आणि वास जास्त.

संक्रांत ते रथसप्तमी हा काळ मला सगळ्यात सोयीचा वाटतो. पाणी वाहतं असतं, काठ घट्ट झालेला असतो, ऊन सोसवतं आणि हिवाळी पाहुणे पक्षीही आलेले असतात. तिथून मागे मोजत या. उभारणीला आठ ते दहा दिवस, म्हणजे जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात. नमुन्याची चाचणी डिसेंबरच्या सुरुवातीला. साहित्य नोव्हेंबरअखेर हातात. परवानगीचे अर्ज ऑक्टोबरमध्ये. आणि जागेची पाहणी जुलै-ऑगस्टमध्ये, भर पावसात, छत्री घेऊन. हा शेवटचा मुद्दा ऐकून नेहमी हशा पिकतो. पण पूर न पाहता ओढ्याकाठी काही उभारणं म्हणजे नवरदेवाला न बघता लग्न ठरवणं.

## ३. पुराची रेघ शोधा

जलसंपदा विभागाच्या नकाशांवर दोन पूररेषा असतात. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. तुमच्या ओढ्यासाठी त्या आखलेल्या असतील तर नकाशाची प्रत घ्या. लहान ओढ्यांच्या बाबतीत बऱ्याचदा तसं काही हाती लागत नाही.

मग बाभळीला विचारा. काठावरच्या बाभळी-करंजांच्या फांद्यांवर पिशव्या, चिंध्या, गवताचे पुंजके अडकलेले दिसतात. ती यंदाच्या पुराची रेघ, ओढ्याने स्वतः काढलेली. तिची उंची टेपने मोजा, दर पंचवीस मीटरवर एक नोंद. मग काठावर राहणाऱ्या जुन्या माणसांना विचारा, "पाणी कुठवर आलं होतं?" ते भिंतीवर हात ठेवून दाखवतील. त्या हाताची उंचीही लिहा. दोन उंच्यांत जी जास्त, ती तुमची रेघ.

आता काठाचे तीन पट्टे करा.

- पाण्याचा पट्टा. इथे काहीही रोवायचं नाही, ताणायचं नाही, टांगायचं नाही. अपवाद नाही. दोन काठांच्या मधोमध दोरीवर झुलणारे मासे फोटोत फार गोड दिसतात, पण त्या दोरीवर पहिल्या पावसात ओढ्याभरचा कचरा अडकतो.
- पाण्यापासून त्या रेघेपर्यंत. इथे फक्त दोन माणसं अर्ध्या तासात उचलून नेतील एवढंच. काँक्रीट नाही, खोल खड्डे नाहीत.
- रेघेच्या वर. इथे जरा हात मोकळा सोडता येतो. मोठी रचना करायची असेल तर इथेच.

पाण्याच्या रेट्याचा अंदाज लोकांना नसतो, म्हणून एक हिशेब. सेकंदाला दोन मीटर वेगाने येणारं पाणी एक चौरस मीटरच्या आडव्या फळीवर साधारण दोनशे ते अडीचशे किलो वजनाइतका रेटा देतं. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट. गुडघाभर पाण्यातही तुमचा बांबू टिकत नाही, तो सुटून खाली वाहतो आणि पुढच्या मोरीच्या, म्हणजे रस्त्याखालच्या पाणवाटेच्या, तोंडात आडवा बसतो.

सावधान: पुलाच्या किंवा मोरीच्या वरच्या अंगाला, निदान पन्नास मीटरपर्यंत, खालचे दोन पट्टे पूर्ण रिकामे ठेवा. तुमच्या कलाकृतीमुळे मोरी तुंबली तर पाणी ज्यांच्या घरात शिरेल ती माणसं तुमच्या उद्घाटनाला आलेलीही नसतील.

या फेरीतच ड्रेनेजच्या चेंबरची झाकणं मोजा. पुण्यात बहुतेक ओढ्यांच्या कडेने मैलावाहिन्या गेलेल्या आहेत. प्रत्येक झाकणाभोवती दोन मीटर आणि जोरदार पाणी मारून वाहिनी मोकळी करणाऱ्या जेटिंग मशीनची गाडी येईल एवढा रस्ता मोकळा लागतो. चेंबर तुंबलं तर महापालिकेचे कामगार तुमची कमान तोडून आत येतील, आणि ते बरोबरच असेल.

## ४. माणसं आणि कागद

परवानग्यांचा भाग कंटाळवाणा आहे, थोडक्यात उरकते. क्षेत्रीय कार्यालयाला अर्ज, त्याच्या प्रती ड्रेनेज आणि उद्यान विभागाला, गर्दी अपेक्षित असेल तर पोलीस ठाण्याला. काठाची जमीन खासगी असू शकते, सातबारा पाहा. झाडांना खिळे मारायचे नाहीत, फांद्या छाटायच्या तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. अर्जासोबत उतरवण्याची तारीख आणि जबाबदार माणसाचा फोन नंबर लिहा. आमचा अर्ज एकदा तीन आठवडे एका टेबलावर पडून होता. त्यात उतरवण्याची तारीख घालून नवा अर्ज दिला, तो चार दिवसांत हलला. अधिकाऱ्याला भीती असते ती हे कायमचं बसून राहील याची.

कागदांपेक्षा जास्त वेळ काठावरच्या वस्तीला द्या. ओढ्यावर कपडे धुणारी बाई, म्हशी आणणारा गवळी, पुलाखाली बसणारी पोरं, सकाळी माशांना पोळी घालणारे आजोबा. त्यांची रोजची वाट, बसायचा दगड, उतरायची जागा नकाशावर दाखवा आणि तिथे काही मांडू नका. मीटिंग वस्तीतल्या मंदिरात किंवा समाजमंदिरात घ्या, संध्याकाळी सातनंतर. सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये घेतलीत तर वस्तीतलं कुणी येणार नाही आणि तुम्ही म्हणाल, 'त्यांना रस नाही'.

नावाचाही प्रश्न तिथेच सोडवा. सरकारी कागदावर 'नाला' असतो, वस्तीतल्या म्हातारीच्या तोंडी त्याला नाव असतं. पाटीवर ते नाव गेलं पाहिजे.

## ५. साहित्य: नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी नव्हे

सर्वात जास्त चुका इथे होतात, आणि त्या चांगल्या मनाच्या माणसांकडून होतात. थर्माकोल, प्लॅस्टिकची फुलं, चमकी, ऑइल पेंट आणायचा नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे. सजावटीच्या थर्माकोलवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदीच आहे. खरा घोटाळा 'इको-फ्रेंडली' पिशवीतून येतो.

चुना. दगड पांढरे करायला लोक ताजा चुना आणतात. चुना तीव्र अल्कधर्मी. बादलीभर निवळी डबक्यासारख्या साचलेल्या पाण्यात गेली तर मासे वर येतात. खालच्या दोन पट्ट्यांत चुना नको, आणि ब्रश-बादल्या ओढ्यात धुवायच्या नाहीत. गेरू आणि शाडू चालतात, पण तेही पाण्यापासून लांब. नुसती मातीही ढिगाने गेली तर पाणी गढूळ होतं.

रांगोळी आणि कुंकू. बाजारातले रंग बहुतेक कृत्रिम असतात. मोठी रांगोळी काढायची असेल तर पुलावरच्या फरशीवर काढा, झाडून गोळा करा.

फुलं, शेण, गूळ, पीठ. हे पाण्यात कुजतं आणि कुजताना पाण्यातला प्राणवायू खातं. पन्नास किलो झेंडू ओढ्यात सोडणं आणि पन्नास किलो निर्माल्य टाकणं यात ओढ्याला काही फरक कळत नाही.

जलपर्णी. तिच्यापासून दोर, चटया, आकृत्या छान होतात आणि ती फुकट मिळते. पण ती ज्या तलावातून काढली तिथेच काठावर पूर्ण वाळवा. एक हिरवा तुकडा तुमच्या स्वच्छ ओढ्यात पडला तर पुढच्या वर्षी तिला बाहेर काढायला श्रमदान करावं लागेल.

बेशरम. तिच्या लांब सरळ काड्या काठावरच मिळतात, म्हणून कुंपणासाठी, विणकामासाठी वापरल्या जातात. ओल्या मातीत खोचलेली बेशरमाची काडी मुळं धरते. नाव उगाच पडलेलं नाही. एका गटाने शंभर काड्यांची सुंदर सर्पाकार भिंत केली होती. रथसप्तमीला कार्यक्रम संपला, भिंत राहिली, आणि श्रावणात तिला जांभळी फुलं आली.

हाच गुण वाळुंजाच्या बाबतीत कामाला येतो. वाळुंज आपल्या नदीकाठचं झाड. त्याच्या अंगठ्याएवढ्या जाड ओल्या फांद्या तिरक्या रोवून विणल्या तर त्या फुटतात आणि मुळांनी काठ धरतात. ही एकच कलाकृती मी उतरवायच्या यादीतून वगळते. पण ती काठावर पाण्याला समांतर हवी, आडवी नको, आणि फांद्या परवानगीने घेतलेल्या हव्यात. निर्गुडीच्या फांद्याही अशाच रुजतात.

बांबू. माणगा मिळाला तर उत्तम: भरीव, सरळ, बिनकाट्याचा. दीड महिन्यासाठी बांबूला बोरॅक्सची प्रक्रिया करू नका, ते रसायन पाण्यात झिरपतं. कीड लागायच्या आत तुम्ही तो काढलेला असतो.

बांधायला काथ्या, सुतळी किंवा अंबाडीचा दोर. बाइंडिंग वायर नको, तिचे तुकडे मातीत राहतात आणि अनवाणी पायात जातात. नायलॉनची जाळी तर अजिबात नको. दिवड आणि धामण तिच्यात अडकून मरतात. मी स्वतः एकदा कात्रीने जाळी कापून दिवड सोडवलाय. तो सुटल्यावर वळून फुसकारला, माझं आभारप्रदर्शन तिथेच संपलं.

तपासणी: प्रत्येक वस्तूचा हात-दीड हात तुकडा बादलीभर ओढ्याच्या पाण्यात दोन दिवस ठेवा. पाण्याला रंग, तवंग किंवा वास आला तर ती वस्तू यादीतून बाद.

## ६. नमुना करून पाहा, सुपाला विचारा

कागदावरचं चित्र काठावर नेण्याआधी प्रत्येक कलाकृतीचा एक अर्धा नमुना करा आणि दहा दिवस बाहेर ठेवा. वारा, दव, कुत्री, मुलं, सगळ्यांना त्याची परीक्षा घेऊ द्या.

आमचा बांबूचा पहिला मासा फसला तो इथेच. आठ फूट लांब, अंगभर घट्ट विणलेला, सुबक. बुरूड आळीतल्या एका मावशींना विणायला बोलावलं होतं. त्यांनी चित्र पाहिलं, कांबट्या सोलत बसल्या आणि म्हणाल्या, "ताई, पाणी जाऊ द्यायचंय का अडवायचंय, ते आधी सांगा. सूप एक विणते, चाळण दुसरी विणते." आम्ही म्हटलं, काठावर वर ठेवायचाय, पाण्याचा काय संबंध? त्या हसल्या आणि सांगितलं तसा विणून दिला. चौथ्या रात्री वारा सुटला. घट्ट विणीच्या अंगात शीड भरावं तसा वारा भरला आणि मासा पलटी खाऊन सरळ ओढ्यात. पुढचा मासा मावशींनी चार बोटांचं अंतर सोडून विणला. डोकं घट्ट, पोट विरळ, शेपटीला नुसत्या कांबट्या. तो जागचा हलला नाही, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा जास्त माशासारखा दिसला.

तेव्हापासून नियम: कुठलीही उभी रचना निम्म्याहून जास्त उघडी हवी. वाऱ्यालाही, पाण्यालाही.

बांबू वाकवायचा असेल तर कांबट्या ओल्या असतानाच वाकवा. वाळल्यावर हट्टाने वाकवलात तर टवके उडतात आणि त्याची कूस नखात शिरते. रचनेचे तुकडे दोन माणसांना उचलता येतील एवढेच करा, जागेवर फक्त जोडा. जोडाच्या गाठी अशा बांधा की कात्रीशिवाय सुटतील.

## ७. उभारणी: दिवसांचा क्रम

क्रम बदलला की काठ तुडवला जातो, म्हणून हा भाग काटेकोर.

पहिला दिवस: काम नाही. पक्षी पाहणाऱ्या एखाद्या जाणकाराला घेऊन सकाळी फेरी. मातीच्या उभ्या कडेत बिळं असतील तर ती खंड्याची असू शकतात, पुलाखाली पाकोळ्यांची घरटी असतात, पाणकणसात पाणकोंबडी असते. तिथे सुतळी बांधून 'इथे नाही' अशी खूण करा. खेकड्यांच्या बिळांवरून वाट काढू नका.

दुसरा दिवस: येण्याजाण्याची एकच वाट आखा, दोन्ही बाजूंनी सुतळी. सगळे त्याच वाटेने. वीस माणसं वीस ठिकाणांहून उतरली तर पावसाळ्यात रुजलेलं गवत एका दिवसात जातं.

तिसरा ते सहावा: वरच्या पट्ट्यातल्या मोठ्या रचना, लांबच्या टोकाकडून प्रवेशाच्या दिशेने. नाहीतर शेवटची कलाकृती नेताना पहिल्या तिन्ही ओलांडाव्या लागतात.

सातवा, आठवा: मधल्या पट्ट्यातल्या हलक्या वस्तू.

नववा: पाट्या, आणि धडपडणाऱ्या आजीच्या नजरेने एक फेरी. खुंट्या, दोऱ्या, निसरडे दगड.

गमबूट आणि हातमोजे सक्तीचे. पायाला चीर असलेला माणूस पाण्यात उतरणार नाही, कितीही उत्साही असला तरी. उंदरांच्या मुतातून येणारा लेप्टोस्पायरोसिस अशाच चिरेतून शिरतो. काम संपल्यावर साबणाने हातपाय धुवायची सोय काठावर हवी, घरी गेल्यावर नव्हे.

सावधान: गाळावर उभं राहण्याआधी बांबूने खोली बघा. वरून घट्ट दिसणारा गाळ मांडीपर्यंत घेतो. एकट्याने कधीच उतरायचं नाही.

## ८. दिवे, आवाज, पाटी

पाण्यात दिवे सोडायचे नाहीत. द्रोणातला दिवाही नाही. द्रोण कुजतो, पण तेल पसरतं आणि वात पुढच्या मोरीत जाते. दिवे घाटाच्या पायऱ्यांवर किंवा काठाच्या दगडांवर लावा, मोजून लावा, मोजून उचला. पाण्यात त्यांचं प्रतिबिंब पडतंच, आणि ते वाहून जात नाही.

विजेचे दिवे असतील तर बॅटरीवरचे बारा व्होल्टचे. घरगुती विजेची वायर ओल्या काठावरून ओढायची नाही. प्रकाश पिवळसर, खाली वळवलेला, पाण्यावर आणि झाडांवर थेट नाही. रात्री नऊला बंद. पुलाखाली दिवा नको, तिथे वटवाघळं असतात. ढोल-ताशा आणि लाऊडस्पीकरबद्दल मी भांडत नाही. इतकंच सांगते की पहिल्या ढोलाबरोबर वंचक आणि हळदी-कुंकू बदकं उडून जातील, आणि उरलेल्या कार्यक्रमात ओढ्यावर फक्त माणसं उरतील.

पाटी फ्लेक्सची नको. फळीवर किंवा सुपावर गेरूने लिहिलेली, पाच ओळींच्या आत: ओढ्याचं नाव, तो कुठून येतो, कुठे मिळतो, कलाकृती कशाची आहे, कधी उतरणार. प्रायोजकाचं नाव सगळ्यात खाली आणि सगळ्यात बारीक. यावर वाद होतो. होऊ द्या.

## ९. रोजचा फेरा

मांडणी टिकते ती रोज सकाळी येणाऱ्या एका माणसामुळे. वस्तीतल्याच कुणाला तरी मानधन देऊन ठेवा. कार्यकर्त्यांचा उत्साह चौथ्या दिवशी संपतो, त्यात त्यांची चूक नाही, नोकऱ्या असतात. एकूण पैशातला पाव ते तिसरा हिस्सा या माणसासाठी आणि उतरवण्यासाठी आधीच बाजूला काढा. तो उद्घाटनाच्या मंडपाला द्यायचा नाही.

त्याने बघायचं ते एवढंच: काय सैल झालंय, काय तुटलंय, कुठे कचरा अडकलाय, कुठल्या प्राण्याला त्रास होतोय. तुटलेलं त्याच दिवशी उचलायचं, 'रविवारी बघू' नाही. आणि हवामान खात्याचा अंदाज रोज संध्याकाळी. जिल्ह्याला ऑरेंज किंवा रेड अलर्ट आला तर मधला पट्टा त्याच दिवशी उजेडात रिकामा करायचा. वरच्या अंगाला तलाव असेल, जसे आंबिल ओढ्याच्या वर कात्रजचे तलाव आहेत, तर तिथल्या एका माणसाचा नंबर हवा. तुमच्या डोक्यावर आभाळ निरभ्र असताना वरून पाणी येऊ शकतं.

## १०. उतरवणं

उतरवण्याच्या दिवशी उद्घाटनाच्या निम्मी माणसं येतात. म्हणून उभारणीच्या वेळीच नावं लिहून घ्या, आणि त्या दिवशी मिसळ ठेवा. हा विनोद नाही, मिसळ असली की लोक येतात.

क्रम उभारणीच्या उलट: आधी पाण्याजवळच्या वस्तू, मग वरच्या. मोठी रचना जागेवर तोडू नका, गाठी सोडून तुकडे वर न्या आणि तिथे सुटे करा. जागेवर तोडलेल्या बांबूच्या कूसा गवतात महिनोन्महिने राहतात. आणताना केलेली यादी हातात घ्या: इतके बांबू, इतके मीटर दोर, इतक्या खुंट्या, इतके दिवे. जेवढं नेलं तेवढं परत आलं पाहिजे. दोन खुंट्या कमी भरल्या तर दोन खुंट्या शोधायच्या.

बांबू मावशींना किंवा वस्तीतल्या परसबागांना मांडवासाठी द्या. सुतळी-काथ्या खतात. शाडू परत पिंपात. बेशरम चुकून आलीच असेल तर ती काठावर टाकू नका, उन्हात कडक वाळवून मग जिरवा.

खड्डे त्याच मातीने भरून पायाने दाबा. वाट आखलेली सुतळी शेवटी काढा आणि ज्या जागांवरून मांडणीआधी फोटो काढले होते तिथूनच पुन्हा काढा. दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर तुडवलेला पट्टा सोडून काही फरक दिसायला नको. त्या पट्ट्यावर जूनच्या पहिल्या पावसात दूर्वा आणि वाळ्याचे ठोंब लावायचे, तेही यादीत लिहा, कोण लावणार त्याच्या नावासकट.

मग जुलैत एक मोठा पाऊस होऊन पाणी उतरलं की टेप आणि वही घेऊन जा. बाभळीवर नवी चिंधी कुठे अडकली आहे ते पाहा आणि तिची उंची मागच्या वर्षीच्या आकड्याखाली लिहा.